तीन मिलिमीटरची हरकत

समतोल केंद्राच्या विस्तारासाठी शेजारची जागा आवश्यक असल्याची नोटीस काटेमास्तरांच्या दुकानाच्या दारावर मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी चिकटवण्यात आली. जागा रिकामी करायला पंधरा दिवस आणि हरकत घ्यायला सात दिवस दिले होते. मास्तरांनी चष्मा पुसून नोटीस दोनदा वाचली आणि मग खिशातली पट्टी काढून तिला लावली. नोटीस एका बाजूने नऊ मिलिमीटर खाली होती.

"ज्यांना कागद सरळ चिकटवता येत नाही, ते माझी भिंत पाडणार," ते आत्याला म्हणाले.

"भिंत पाडायला सरळपणा लागत नाही रे," आत्या म्हणाली, आणि पिशवी उचलून साबण आणायला निघून गेली.

काटेमास्तर तराजू दुरुस्त करीत. त्यांनी कोणत्याही शाळेत शिकवले नव्हते. परंतु समोरचा माणूस 'साधारण किलोभर' असे म्हणाला की ते ज्या नजरेने पाहत, ती नजर पाहून लोकांनीच त्यांना मास्तर ही पदवी दिली होती. दुकान खाली, बिऱ्हाड वर. दुकानाच्या मधोमध दगडी ओटा होता. त्याचा पाया इमारतीच्या पायापासून वेगळा, सहा फूट खोल नेला होता, जेणेकरून रस्त्यावरून मालमोटार गेली तरी ओट्यावरच्या तराजूला तिचा पत्ता लागू नये. शहरातली औषधांची दुकाने, सराफ आणि दोन प्रयोगशाळा यांचे तराजू या ओट्यावर येऊन खरे बोलायला शिकत. दुकान हलवता आले असते, आत्या कुरकुरत का होईना हलली असती. ओटा हलवता येत नव्हता. ओट्याविना मास्तर म्हणजे तराजूंविषयी मते असलेला आणखी एक नागरिक.

तेव्हा हरकत घेणे आले. आणि हरकत घ्यायची म्हणजे समतोल केंद्रात जाणे आले.

नागरिकांचे हक्क आणि कर्तव्ये यांत समतोल असावा, हे वाक्य त्या राज्यात चाळीस वर्षे भाषणांतून उच्चारले जात होते आणि त्यापासून कोणाला इजा झाल्याची नोंद नव्हती. मग एका समितीने प्रश्न विचारला की समतोल म्हणजे नक्की किती? प्रश्न शास्त्रीय होता. उत्तर शोधायला समिती नेमलेली होती, एवढाच त्यात दोष होता. समितीने अकरा महिने अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की समतोल मोजण्याचे मान्यताप्राप्त साधन तराजू हेच आहे. त्यानुसार माणसाच्या उंचीचा एक पितळी तराजू केंद्राच्या दालनात बसवण्यात आला. डाव्या पारड्यात हक्काचा अर्ज ठेवायचा, उजव्या पारड्यात बजावलेल्या कर्तव्यांच्या पावत्या ठेवायच्या. काटा उभा राहिला की अर्जावर शिक्का, आणि शिक्का पडला की हक्क सुरू.

व्यवस्था सोपी होती. प्रत्येक कर्तव्याची एक पावती. तिच्यावर ज्याचे भले झाले त्याची सही. काटकसरीचे धोरण म्हणून पावत्या अतिशय पातळ कागदावर छापल्या होत्या आणि एकीचे वजन बरोबर अर्धा ग्रॅम भरत असे. अर्जांना मात्र काटकसर लागू नव्हती. मतदानाची चिठ्ठी दोन ग्रॅमची, म्हणून चार कर्तव्यांत मत देता येई. तुंबलेल्या गटाराची तक्रार चाळीस ग्रॅमची. जागा ताब्यात घेण्यावरील हरकतीला नोटिशीच्या तीन प्रती, तीन नकाशे आणि जाड पुठ्ठ्याची फाइल जोडणे सक्तीचे होते. मास्तरांनी घरी तोलून पाहिले. एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम.

"म्हणजे तीनशे अडुसष्ट कर्तव्यं," ते शेजारच्या छापखानेवाल्याला म्हणाले. "सात दिवसांत."

"मास्तर, नाकापेक्षा मोती जड झाला हो हा. तीनशे अडुसष्ट कर्तव्यं करणाऱ्या माणसाला घर लागतंच कशाला? तो सगळा वेळ रस्त्यावरच असतो."

हे खरे होते. केंद्र सुरू होऊन चार महिने झाले होते आणि शहरात कर्तव्यांची तीव्र टंचाई निर्माण झाली होती. रस्त्यावर कचरा उरला नव्हता. सकाळी एखादे पान झाडावरून सुटले तर ते जमिनीला लागण्यापूर्वी तिघांचे हात खाली जात. बसमध्ये कोणीही बसून राहत नसे. बसलेल्या माणसाला उठून जागा देण्याची संधी मिळावी म्हणून लोक आधी बसायला धावत आणि ज्येष्ठ दिसताच एकदम उठत, त्यामुळे बसचा तोल जाई. आंधळ्या माणसाला कोणीही वाट विचारू देत नव्हते, आधीच दाखवत. पाणी वाचवण्याची पावती मिळते हे कळल्यावर कित्येकांनी नळ मुद्दाम सोडून ठेवला आणि मग तो शेजाऱ्याकडून बंद करून घेतला. शहर इतके सुसंस्कृत झाले होते की बाहेर पडायला भीती वाटत असे.

या टंचाईचा सर्वांत मोठा ताण आत्यावर आला होता.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. ती हळू चाले, हसतमुख होती, आणि मुख्य म्हणजे तिची सही सुवाच्य होती. रस्ता ओलांडून द्यायला याहून उत्तम ज्येष्ठ नागरिक त्या प्रभागात नव्हता. साबण आणायला गेलेली आत्या मंगळवारी दुपारी दोनला परत आली ती रिकाम्या पिशवीने.

"साबण?" मास्तरांनी विचारले.

"दुकान दिसतं रे, पोचता येत नाही. अलीकडून एक जण हाताला धरून पलीकडे नेतो. पलीकडे दुसरा उभाच असतो. 'आजी, या, सांभाळून,' म्हणतो आणि परत अलीकडे आणून सोडतो. आज एकोणीस वेळा गेले."

"एकोणीस म्हणजे विषम. मग तू पलीकडे असायला हवीस."

"विसाव्याने घरापर्यंत आणलं. त्याला दोन पावत्या हव्या होत्या."

मास्तरांना आनंद झाला. कर्तव्यांची खाणच घरात होती. परंतु खाणीवर नियम क्रमांक सतरा लागू होता: 'नात्यातील व्यक्तीवर केलेला उपकार कर्तव्य मानला जाणार नाही, तो स्वभाव मानला जाईल.' म्हणजे सख्ख्या आत्याला सांभाळणे हे काटेमास्तरांचे कर्तव्य नव्हते, आणि ते गेली बावीस वर्षे ते उगीचच करीत होते.

छापखानेवाल्याने मार्ग काढला. "माझ्या सासूबाई घ्या. मी तुमची आत्या घेतो. दिवसाला वीस फेऱ्या, सकाळी दहा, संध्याकाळी दहा."

"सासूबाई तयार आहेत?"

"त्यांना मी विचारलेलं नाही. पण मी सोडून दुसऱ्या कोणाचाही हात धरायला त्या आनंदाने तयार होतील."

अशा रीतीने सहा दिवस गेले. मास्तरांनी छापखानेवाल्याच्या सासूबाईंना एकशे वीस वेळा रस्ता ओलांडून दिला. त्या मुदतीत त्यांना सासूबाईंच्या जावयाविषयी जे ऐकावे लागले, त्याची पावती मिळण्याची तरतूद नव्हती. त्यांनी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने पोचवले, ग्रंथालयात उलटी ठेवलेली पुस्तके सुलटी केली, एका अनोळखी गृहस्थाला त्याच्या सदऱ्याची बटणे एक घर चुकून लागली असल्याचे सांगितले. रविवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्या पावत्या ओट्यावर तोलल्या. बरोबर एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम. तीनशे अडुसष्ट, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

"आणखी दहा-बारा ठेव की बरोबर," आत्या म्हणाली. "हाताशी असलेलं बरं."

"जास्त कशाला? वजन बरोबर आहे."

"सगळे जण जास्तच नेतात."

"सगळे जण तराजूवाले नाहीत."

मास्तरांची चूक झाली ती इथे. असली चूक फक्त त्यांच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. त्यांनी बरोबर तेवढेच नेले.

सोमवारी सकाळी केंद्रात गर्दी होती. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज डाव्या पारड्यात ठेवला, पावत्यांचा गठ्ठा उजव्या पारड्यात ठेवला आणि न पाहताच सांगितले, "कमी."

"कमी असणार नाही," मास्तर म्हणाले.

"काटा बघा ना. डावीकडं झुकलाय." बाईंनी आपल्या खणातल्या नमुना पावत्या एकेक करून टाकल्या. एक, दोन, तीन. काटा अजून कलंडलेलाच. चौथी टाकताच तो उभा राहिला. "चार कमी. चार भली कामं करा आणि या. पुढचे!"

"बाई, तुमचा काटा चुकतोय."

मागच्या रांगेतल्यांनी माना उंचावल्या. आजवर शहरातल्या लाखभर लोकांनी या तराजूवर हक्क तोलून नेले होते आणि प्रत्येकाने खबरदारी म्हणून मूठभर पावत्या जादा आणल्या होत्या. उरलेल्या परत मिळत नसत, त्यामुळे कमी किती आणि जास्त किती हे कोणालाच कळले नव्हते.

"काटा चुकेल कसा?" बाई म्हणाल्या. "रिकामा असताना अगदी सरळ उभा असतो. रोज सकाळी मीच बघते."

"रिकामा तराजू सगळ्यांचाच सरळ असतो. लबाडी वजन ठेवल्यावर दिसते. एक करा. अर्ज उजवीकडे ठेवा आणि पावत्या डावीकडे."

"अगंबाई! हक्क उजवीकडे?" बाईंनी हात मागे घेतला. "साहेबांना बोलवते."

समतोल अधिकारी आले. ते मध्यम उंचीचे, मध्यम वयाचे होते आणि दोन्ही हातांत एकेक फाइल धरून चालत. त्यांनी मास्तरांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, कारण ऐकून घेणे हे त्यांचे कर्तव्य होते.

"तुमच्या शंकेचा मी आदर करतो," ते म्हणाले. "पण काट्यावर हरकत घेणं हाही एक हक्कच आहे. आणि कोणताही हक्क वापरायचा तर अर्ज तोलून घ्यावा लागतो."

"कशावर?"

"काट्यावर."

"याच काट्यावर?"

"राज्यात दुसरा अधिकृत काटा नाही."

"म्हणजे काटा खोटा आहे हे सांगायची परवानगी खोट्या काट्यानं द्यायची."

"तो खोटा आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. सिद्ध करायचा हक्क तुम्हाला आहेच. तोलून घ्या."

एखाद्याने इथे कपाळाला हात लावला असता. मास्तरांनी खिशात हात घातला. वजने गुंडाळायचा पातळ कागद त्यांच्याजवळ नेहमी असे. काट्यावरील हरकतीचा विहित नमुना नव्हता. असा अर्ज कोणी करील हे समितीच्या स्वप्नातही आले नसल्यामुळे त्याला नकाशे, प्रती आणि पुठ्ठा जोडायचे राहून गेले होते. मास्तरांनी कागदाचा अर्ध्या ग्रॅमचा तुकडा फाडला, त्यावर 'काटा चुकतो' एवढेच लिहिले, सही केली आणि तो डाव्या पारड्यात टाकला. उजव्या पारड्यात आपल्यातली एक पावती टाकली.

काटा उभा राहिला. शंभरात एकाची चूक अर्ध्या ग्रॅमवर किती होणार? तिची तर काट्याला चाहूलसुद्धा लागली नाही. सत्य हलके असले तर खोट्या तराजूतूनही निसटते, हा निष्कर्ष मास्तरांनी मनातल्या मनात काढला आणि पुरेशा निरीक्षणांअभावी लगेच मागे घेतला.

बाईंनी शिक्का मारला. आता अधिकाऱ्यांचा नाइलाज झाला. मास्तरांनी अर्ज उजवीकडे ठेवला, पावत्या डावीकडे. मघाशी कमी पडणाऱ्या पावत्यांचे पारडे आता टपकन खाली गेले. त्यांनी दांडीला पट्टी लावली. डावा बाहू तीनशे मिलिमीटर, उजवा दोनशे सत्त्याण्णव. उजव्या पारड्याच्या बुडाशी रंगाखाली दडवलेला शिशाचा चपटा तुकडाही त्यांनी नखाने खरवडून दाखवला.

"दांडी तिरकी लटकायला लागली म्हणून बसवणाऱ्यानं पासंग लावलाय. रिकामा असताना सरळ दिसावा म्हणून."

"म्हणजे कर्तव्यांच्या पारड्यात सरकारनं आधीच शिसं ठेवलंय!" अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "नागरिकांना सवलत!"

"सवलत नाही, साहेब. त्या शिशाचा उपयोग फक्त तराजूचं तोंड गोड ठेवण्यापुरता. उजवा बाहू आखूड, म्हणून शंभर हक्कांना एकशे एक कर्तव्यं लागतात. चार महिने तुम्ही शंभरामागे एक जादा घेताय."

अधिकाऱ्यांच्या हातातल्या दोन्ही फाइली हळूहळू खाली आल्या, परंतु समान वेगाने. "दुरुस्त होईल?"

"वीस मिनिटांत. दांडी जिच्यावर टेकते ती मधली धार तीन नाही, दीड मिलिमीटर सरकवायची. शिसं काढायचं. दोन्ही बाजू सारख्या."

मास्तरांनी ते सतरा मिनिटांत केले. मग ते म्हणाले, "आता माझा अर्ज तोला. पण एक पावती खर्च झाली. तीनशे सदुसष्ट उरल्या. तराजू दुरुस्त केला त्याची एक द्या."

"देता आली असती," अधिकारी खेदाने म्हणाले. "पण ती दुरुस्ती तुमच्या हरकतीच्या हक्कातून उद्भवली. एकच कृती हक्क आणि कर्तव्य दोन्ही कशी असेल? मग तोलायचं काय? शिवाय आज काटा बंद. नवीन काट्यावर शिक्का उद्या."

मास्तर वळले तेव्हा खिडकीवरच्या बाई हळूच म्हणाल्या, "मास्तर, माझ्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. चार महिने झाले, कोणी बघत नाही. लिहून देते पावती."

त्यांनी गुडघ्यावर बसून पट्टी लावली. पाय अडीच मिलिमीटर आखूड होता. शिशाचा चपटा तुकडा त्याखाली नेमका बसला. बाईंनी बसून पाहिले आणि डोळे मिटले. "देवा. सरळ बसल्यावर असं वाटतं होय!"

तीनशे अडुसष्ट.

मंगळवार हा सातवा आणि शेवटचा दिवस. मास्तर सकाळी उठले तेव्हा शहरात परिपत्रक लागले होते. शासनाची भूमिका स्वच्छ होती. तराजूतील दोषामुळे नागरिकांकडून शंभरामागे एक कर्तव्य जादा घेतले गेले, हे शासनाने प्रांजळपणे मान्य केले होते. जादा घेतलेले ठेवून घेणे अन्यायाचे होईल. सबब प्रत्येकाने आपली जादा कर्तव्ये आजच्या आज परत घ्यावीत, आणि ती ज्या प्रकारची होती त्याच प्रकारे परत घ्यावीत. उचललेला कचरा होता त्या ठिकाणी परत टाकावा. बसमध्ये दिलेली जागा परत घ्यावी. ओलांडून दिलेल्या ज्येष्ठांना जिथून उचलले तिथे परत आणून ठेवावे. परताव्याचे टोकन केंद्रात मिळेल.

दहा वाजता केंद्राबाहेरची रांग तीन चौक ओलांडून गेली होती. अशी शिस्तबद्ध रांग त्या शहराने यापूर्वी कधी पाहिली नव्हती. कचरा परत टाकण्यासाठी लोकांनी घरून निवडून, धुऊन, पिशव्यांत भरून कचरा आणला होता. ज्यांना एकच केळीची साल परत टाकायचा अधिकार होता, ते ती कुठे टाकावी याचा गंभीरपणे विचार करीत होते. काहींनी ती जागा नावडत्या शेजाऱ्याच्या दारापुढे निश्चित केली होती. बसमध्ये एक तरुण एका वृद्धाला अदबीने म्हणत होता, "काका, उठता का? माझा परतावा आहे." कर्तव्य करताना कोणाच्याही चेहऱ्यावर कधी न दिसलेला उत्साह आज सगळीकडे ओसंडत होता. कित्येकांनी तर टोकनाची वाटही पाहिली नाही. ज्यांनी एकही कर्तव्य केले नव्हते, अशांनीही आगाऊ परतावा घ्यायला सुरुवात केली.

आत्या दारातच भेटली. "मला आठ जण न्यायला आलेत," ती म्हणाली. "म्हणे परत करायचंय. कुणाला परत करायचं, ते मात्र एकालाही सांगता येईना."

"तू घरात बस. दार लावून घे."

"आणि तू?"

"मी जाऊन येतो. पाच वाजेपर्यंत खिडकी उघडी आहे."

हरकतीच्या खिडकीवर चिटपाखरू नव्हते. बाईंनी अर्ज तोलला. डावीकडे एकशे चौऱ्याऐंशी, उजवीकडे एकशे चौऱ्याऐंशी. काटा असा उभा राहिला की जणू त्याला कोणीतरी सावधान म्हटले होते. चार महिन्यांतले ते त्या दालनातले पहिले खरे वजन होते.

बाईंनी शिक्का उचलला आणि तिथेच थांबवला. "साक्षीदार कुठंय?"

"कसला साक्षीदार?"

"हरकतीला एक निरपेक्ष साक्षीदार लागतो. फार काही नाही. शेजारी उभं राहायचं आणि 'मी हे पाहिलं' म्हणून सही करायची. नात्यातला नको. त्याला त्याची पावती मिळत नाही, म्हणजे ते कर्तव्यही नाही. आणि त्याचा त्यात काही लाभही नाही, म्हणजे हक्कही नाही. नुसतं यायचं."

"एवढंच?"

"एवढंच. या शहरात एवढे लोक आहेत, एक मिळेलच, म्हणून समितीनं ही अट सर्वांत सोपी म्हणून घातली होती."

मास्तर बाहेर आले. रांगेत छापखानेवाला होता; त्याच्या हातात तेरा परताव्यांचे टोकन होते.

"मास्तर, तुमच्यासाठी जीव देईन," तो कळवळून म्हणाला. "पण नंबर जवळ आलाय हो. पुढे फक्त चाळीस माणसं. तेवढी झाली की आलोच."

"पाच वाजता खिडकी बंद होते."

"मग पाचच्या आत चाळीस होतील अशी प्रार्थना करू."

औषधांचा दुकानदार म्हणाला की तत्त्वतः तो मास्तरांच्या बाजूने आहे. सराफाने सांगितले की या विषयाला दोन बाजू आहेत, आणि आपण दोन्ही बाजूंनी विचार करीत आहोत. एका गृहस्थाने बारकाईने चौकशी केली, सगळी हकिकत ऐकून घेतली, "अन्याय आहे हो!" असे तीनदा म्हटले, आणि मग विचारले, "पण याची पावती मिळत नाही म्हणता?" ज्याच्या सदऱ्याची बटणे मास्तरांनी सुधारली होती, तो गृहस्थ एक बटण परत चुकवून लावत होता. त्यालाही वेळ नव्हता.

पावणेपाचला मास्तर परत खिडकीशी आले. अधिकारीही तिथे येऊन उभे राहिले. आतून ते वाईट माणूस नव्हते. शक्य असते तर त्यांनी स्वतःच सही केली असती, परंतु ते निरपेक्ष नव्हते, पगारी होते. बाईंचेही तेच. तिघेही दाराकडे पाहत होते. बाहेर रांगेचा आनंदी गलबला चालू होता. घड्याळाचा काटा, जो मास्तरांनी दुरुस्त केलेला नव्हता, अतिशय बरोबर चालत होता.

"कोणीही चालेल ना?" मास्तरांनी पुन्हा विचारले.

"कोणीही," बाई म्हणाल्या. "फक्त प्रकरण माहीत असलेला, रांगेत नसलेला, आणि तुमच्या नात्यातला नसलेला."

पाचचा ठोका पडला. बाईंनी खिडकी ओढून घेतली. ती अर्धी झाकेपर्यंत त्या मास्तरांकडे पाहत होत्या, पुढच्या अर्ध्यात नाही. हरकत निकाली निघाली. विस्तारित जागेत परतावा विभाग बसवण्याचा आदेश त्याच सायंकाळी निघाला, कारण रांग आता पाच चौक ओलांडून गेली होती. ओटा फोडायला चार दिवस लागले. तो एकदाही डळमळला नाही, असे फोडणाऱ्यांनी तक्रारवजा सुरात सांगितले.

अधिकाऱ्यांनी या प्रकरणाचा अहवाल नियमाप्रमाणे लिहिला आहे. त्यात अनुपस्थित साक्षीदारांची चौकशी केलेली असून बहुतेकांची कारणे ग्राह्य धरली आहेत. ते परताव्याच्या रांगेत होते. केवळ एका व्यक्तीबाबत शेरा राखून ठेवला आहे. अहवालानुसार सदर व्यक्तीला प्रकरणाची अथपासून इतिपर्यंत संपूर्ण माहिती होती. ती कोणत्याही रांगेत नव्हती. मास्तरांशी तिचे काहीही नाते नव्हते. पाच वाजले तेव्हा ती निवांत बसून हे सगळे वाचत होती, आणि तिला अधूनमधून हसू येत होते, असे आढळून आले. तिला अहवालाची प्रत पाठवण्यात आली आहे. ती आता तिच्या हातात आहे.